स्लायडिंग खिडकीचं बिल कसं निघतं, एकदा स्वतः करून बघा

खिडकीचा रेट स्क्वेअर फुटावर आणि टेपवरचं माप फूट-इंचात, सगळा घोळ होतो तो इथंच. ३ फूट ६ इंच म्हणजे ३.६ नाही हो, ३.५! फुटात १२ इंच असतात, १० नाही, म्हणून ३ इंचाचे ०.२५, ६ चे ०.५ आणि ९ चे ०.७५ धरायचे. माप सुतात आलं (८ सुतांचा एक इंच) तर आधी इंच करा, मग १२ ने भागा.

मागे एक ताई वहीत ३.६ × ४.३ असं लिहून घेऊन आल्या, त्यांचं उत्तर १५.४८. खिडकी होती ३ फूट ६ इंच बाय ४ फूट ३ इंच, म्हणजे ३.५ × ४.२५ = १४.८७५. ३८० च्या रेटने एका खिडकीमागे जवळजवळ २३० रुपये जास्त गेले असते, आम्ही तिथल्या तिथे वहीत दुरुस्ती करून दिली.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर तोडून करा: ४.२५ ची तिप्पट १२.७५, ४.२५ चंच अर्धं २.१२५, दोन्ही मिळवले की १४.८७५. रुंदी आधी घ्या नाहीतर उंची, फरक पडत नाही.

अशा ३ खिडक्या असल्या तर आधी रेटने गुणा आणि मग ३ ने, किंवा आधी ३ ने आणि मग रेटने, येणार १६,९५७.५० च. पण मधेच १४.८७५ चे १५ केले की तेच १७,१०० होतात, म्हणजे १४२.५० रुपये उगाच तुमच्या खिशातून! म्हणून आम्ही मधे कुठेच राउंड करत नाही, फक्त शेवटच्या आकड्याला करतो.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते डिस्काउंटचं. १०% डिस्काउंट आणि १८% जीएसटी, मग १८ मधून १० गेले, ८ च टक्के वाढायला हवेत ना? नाही. डिस्काउंट म्हणजे ०.९ ने गुणणं, जीएसटी म्हणजे १.१८ ने, आणि ०.९ × १.१८ = १.०६२, म्हणजे वाढ फक्त ६.२ टक्के. बिलावर डिस्काउंट आधी आणि टॅक्स नंतर दिसेल, उलट करून बघितलंत तरी एकूण तेवढंच, वरच्या ३ खिडक्यांचे राउंड करून १८,००९ रुपये.

आमचा माणूस माप घ्यायला आला की टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा आणि फूट-इंच तुमच्या वहीतही लिहून ठेवा, बिल आलं की त्याच्याशी ताडून बघता येईल.