क्रोसिन आणि कॉम्बिफ्लाम: एक साधी, एक स्ट्रॉंग, असं नसतं ते

बहुतेक घरांत औषधांचा एक डबा असतो, श्रीखंडाचा रिकामा नाहीतर मिठाईचा, आणि त्यात अर्ध्या कातरलेल्या स्ट्रिप्स पडलेल्या असतात. एक क्रोसिन किंवा डोलो, एक कॉम्बिफ्लाम, आजीच्या गुडघ्यासाठी आणलेली झीरोडॉल-पी. आणि घरचा हिशोब ठरलेला: थोडं दुखतंय तर क्रोसिन, जास्त दुखतंय तर कॉम्बिफ्लाम, म्हणजे एक साधी आणि दुसरी जरा स्ट्रॉंग. हा हिशोबच मुळात चुकीचा आहे, आणि पुस्तकातल्यापुरता चुकीचा नाही, यातून माणसं ॲडमिट होतात.

क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही सगळी पॅरासिटामॉलचीच नावं. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सुजेवर त्याचा फारसा जोर चालत नाही, कारण त्याचं काम मुख्यतः मेंदूच्या बाजूला चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड हे खानदानच वेगळं, सूज उतरवणारी पेनकिलर्स, डॉक्टर लोक त्यांना एनसेड म्हणतात. मार लागला, दाढ सुजली, की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं आणि त्यानेच सूज येते, ठणका लागतो. ही औषधं ती रसायनं बनणंच रोखतात. ॲस्पिरिन नेमकं हेच करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

गोम अशी की कॉम्बिफ्लाममध्ये दोन्ही आहेत, ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन अधिक ३२५ पॅरासिटामॉल. झीरोडॉल-पीमधला पी म्हणजेही पॅरासिटामॉलच. आता बघा, ताप आलाय म्हणून दिवसातून तीनदा डोलो ६५० चालू आहे, अंग ठणकतंय म्हणून तीनदा कॉम्बिफ्लाम, आणि नाक वाहतंय म्हणून तीनदा ५०० पॅरासिटामॉलवाली सर्दीची गोळी (सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असतंच, कुणी बघत नाही). बेरीज केली तर १९५० अधिक ९७५ अधिक १५००, म्हणजे ४४२५ मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००, आणि रोज दारू घेणाऱ्याची, लिव्हरचा त्रास असलेल्याची, किंवा अंगाने अगदी किरकोळ माणसाची त्याहून कमी. एकही गोळी 'जास्त' घेतली नाही आणि तरी मर्यादा ओलांडली. जादा पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं आणि पहिल्या दिवशी माणसाला फार काही होत नाही, थोडी मळमळ एवढंच, त्यामुळे सगळे निवांत राहतात. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे पण तो लवकर मिळाला तरच खरा उपयोग, म्हणून चुकून फार गोळ्या गेल्या असतील तर बरं वाटत असलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

एनसेडचा धोका लिव्हरपेक्षा भलतीकडे आहे. ती प्रोस्टाग्लँडिन नुसती सुजेच्या जागी नसतात, पोटाच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून तीच वाचवतात, किडनीकडे रक्त पुरेसं जातंय की नाही हेही बरंचसं तीच सांभाळतात. गोळी काही पत्ता शोधत फक्त गुडघ्याकडे जात नाही, सगळीकडेच रोखते. आपल्याकडे पक्का समज आहे की जेवून घेतली की पोट सेफ, आणि इंजेक्शन घेतलं तर पोटाचा प्रश्नच नाही. जेवून घेतल्याने जळजळ कमी होते खरी, पण अल्सर टळेलच असं नाही, कारण बरंचसं नुकसान रक्तातून होतं. इंजेक्शनचंही तेच. अल्सर कधीकधी दुखतही नाही, एकदम डांबरासारखी काळी शी होते तेव्हा कळतं. ज्यांना लांब चालवायचीय किंवा आधी अल्सर झालाय त्यांना डॉक्टर सोबत ॲसिडिटीची गोळी लिहून देतात ती चिठ्ठी भरायला नसते.

किडनीचं मात्र मला जास्त भ्या वाटतं, कारण तिथे काहीच कळत नाही. घरोघरी बीपीच्या गोळ्या चालू असतात, टेल्मिसार्टन वगैरे, त्यातही नावापुढे 'एच' असलेली म्हणजे सोबत लघवी वाढवणारं औषध. त्या दोघांत तिसरी ही पेनकिलर पडली, वर उलट्या-जुलाब किंवा उन्हाळ्यात पाणी कमी, की किडनी एकदम बसू शकते. आजीला आठवडाभर गुडघ्याची गोळी देताना 'बीपीची कुठली चालू आहे' हे विचारायला पाहिजे, आणि मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न सहसा येत नाही. किडनीवरून आठवलं, गिधाडांची गोष्ट. दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचायचे, जनावर मेलं की गिधाडं त्यावर तुटून पडायची आणि किडनी निकामी होऊन मरायची, देशभरातली गिधाडं जवळपास संपली ती अशी. २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं, तर लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायला लागले, मग २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपीच ३ मिलिलिटरची करावी लागली. (माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, घाबरू नका.)

हार्टचं थोडक्यात. रोफेकॉक्सिब नावाची याच घराण्यातली गोळी हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. डायक्लोफेनॅकचाही हार्टला धोका दिसला, म्हणून युरोपात २०१३ पासून हार्टच्या पेशंटला ते देऊ नये असा नियम आहे. आणि इकोस्प्रिन (म्हणजे हार्टसाठीची कमी डोसची ॲस्पिरिन) चालू असेल तर आयबुप्रोफेन तिच्या कामात अडथळा आणू शकतं, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.

मग पावसाळ्यातला ताप. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरतात, आणि एनसेड उरलेल्या प्लेटलेट्सचं कामही बिघडवतात, म्हणजे रक्तस्राव व्हायचा धोका दोन्ही बाजूंनी वाढतो. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, हाही पावसाळ्यातलाच ताप) किडनी आधीच अडचणीत असते. त्यामुळे जून ते नोव्हेंबर, ताप कशाचा हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, अंग कितीही मोडून आलं तरी. कॉम्बिफ्लाम नाही, ॲस्पिरिन नाही, आणि दवाखान्यात 'एक इंजेक्शन टोचा म्हणजे ताप लगेच उतरेल' असा हट्ट तर अजिबात नाही.

पण म्हणून एनसेड वाईट असंही नाही हं. दाढदुखी, मुरगळलेला पाय, पाळीतल्या कळा, इथे त्या पॅरासिटामॉलपेक्षा खरोखर चांगल्या लागू पडतात, कारण दुखण्याचं मूळच प्रोस्टाग्लँडिनमध्ये असतं. तब्येत ठीक असलेल्या माणसाने दोन-तीन दिवस जेवून घेतली तर सहसा काही होत नाही. अशा गोळीने ज्यांचा दमा उसळतो ते आणि वीस आठवड्यांपुढची गरोदर बाई, यांनी मात्र स्वतःच्या मनाने नाहीच.

मिळतं कसं, तो वेगळाच गोंधळ. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आपल्याकडे कागदावर प्रिस्क्रिप्शनवाल्या, पण प्रत्यक्षात 'कंबर धरलीय हो, काहीतरी द्या' म्हटलं की दोन गोळ्या कातरून कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर नावही नसतं. ब्रिटनमध्ये हीच गोळी काउंटरवर मिळायची, २०१५ पासून चिठ्ठीशिवाय बंद झाली. अमेरिकेत आयबुप्रोफेन किराणा दुकानात सुद्धा मिळतं, पण २०० मिलिग्रॅमचं, म्हणून तिकडून आलेला भाऊ ॲडव्हिलच्या (म्हणजे आयबुप्रोफेनच्याच) दोन गोळ्या खातो म्हणून आपण कॉम्बिफ्लामच्या दोन खाऊ नयेत. आणि त्याच्या बॅगेतलं टायलेनॉल म्हणजे आपलं क्रोसिनच, डोलोवर परत ते नको. निमेसुलाइड, हेही एनसेडच, तर अमेरिकेत कधी मंजूरच झालं नाही, लिव्हरमुळे स्पेन आणि फिनलंडने २००२ मध्ये थांबवलं, आपल्याकडे २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना बंद आहे. तरी कुठेतरी जुनी बाटली पडलेली असते आणि पोराला ताप आला की ती निघते. फेकून द्या ती.

राहिलं जेल. व्होलिनीसारख्या जेलमध्ये डायक्लोफेनॅकच असतं, साध्या बामात नसतं, तो नुसता गरम-गार लागतो. जेलमधलं औषध रक्तात फार थोडं जातं, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला गोळीच्या आधी जेल लावून बघणं बरं. दिवसातून तीन-चारदा, हलक्या हाताने, वरून शेकायचं नाही, आणि लगेच त्याच हाताने डोळे चोळायचे नाहीत.