फांग-न्गा उपसागरातील कौटुंबिक यॉट सफर

फांग-न्गा उपसागरातील कौटुंबिक यॉट सफर : थायलंडच्या पश्चिमेला फुकेत बेट आणि फांग-न्गा व क्राबी प्रांतांचा किनारा यांच्यामधल्या उपसागरात, शिडाच्या यॉटवर मुक्काम ठेवून केलेली सहा-सात दिवसांची सफर. अंदमान समुद्राच्या या कोपऱ्यात लहान मुलांसह जाणे सोपे आहे, कारण फुकेत बेट मोठ्या लाटा अडवते, बेटांमधली अंतरे एक-दोन तासांची आहेत आणि तळाच्या चिखलात नांगर चांगला धरतो. मात्र उपसागर उथळ असल्यामुळे सफरीचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरते. हे न पाहता आखलेला कार्यक्रम बहुधा दुसऱ्या दिवशीच कोलमडतो.

उपसागरातली बेटे चुनखडीची आहेत. पाण्यातून सरळ उभे राहिलेले कडे, त्यांच्या पायाशी लाटांनी कोरलेली खाच आणि वर झाडी असे त्यांचे रूप. उत्तरेचा भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली खारफुटी आणि चिखलपट्टे यांमुळे २००२ मध्ये त्याला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ सफरीसाठी चांगला. डिसेंबर ते फेब्रुवारीत शिडाला पुरेसा वारा असतो. मार्च-एप्रिलमध्ये तो मंदावतो, उकाडा वाढतो आणि बरेचसे अंतर इंजिनावर कापावे लागते. मे ते ऑक्टोबर या नैर्ऋत्य मोसमी काळात उघड्या समुद्राकडची बेटे टाळावीत. उपसागराच्या आत तेव्हाही फिरता येते, पण काळा ढग दिसताच शीड उतरवण्याची तयारी हवी.

कुटुंबासाठी ३८ ते ४५ फुटांची, दोन सांगाड्यांची, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन तळांची, कॅटमरान घ्यावी. ती कलत नाही, त्यामुळे मुले डेकवर निर्धास्त वावरतात आणि शेगडीवरचे भांडे जागेवर राहते. तिला सुमारे सव्वा मीटर पाणी पुरते. एका सांगाड्याच्या यॉटला दोन मीटरच्या आसपास लागते, आणि उपसागराच्या उत्तर भागात हा फरक फार मोलाचा ठरतो. यॉट भाड्याने देणाऱ्या संस्था स्वतः चालवणाऱ्याकडून शिडाच्या अनुभवाची लेखी माहिती मागतात. असा अनुभव नसेल तर स्थानिक कप्तान घ्यावा. त्याची झोपण्याची जागा आणि जेवण आधीच हिशेबात धरावे. चार खोल्यांच्या यॉटवर आठ नातेवाईक कोंबले की कप्तानाला बाहेरच्या बाकावर झोपावे लागते.

इथे दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाण्याची पातळी सुमारे तीन मीटर चढते-उतरते; भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, जेमतेम एक मीटर. कोकणातल्या खलाशांचे तिथींचे गणित इथेही लागू पडते : अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाने सफरीचे मधले दिवस भांगाचे येतील अशा तारखा निवडाव्यात. प्रवाह सौम्य राहतात आणि किनाऱ्यावर डिंगी, म्हणजे यॉटसोबतची छोटी होडी, कोरडी पडण्याचा धोका कमी होतो. सहा तासांच्या चढ-उतारातले मधले दोन तास सर्वांत वेगाचे असतात. तीन मीटरपैकी दीड मीटर पाणी याच दोन तासांत हलते. दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर लावलेली डिंगी जेवण आटोपेपर्यंत चिखलात रुतलेली सापडते ती यामुळेच. क्राबीकडच्या रायलेची पूर्व बाजू आणि फुकेतचे आओ चालोंग इथे ओहोटीला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहताना घड्याळ थायलंडच्या वेळेवर आहे ना हे तपासावे; ती भारतापेक्षा दीड तास पुढे आहे.

या सफरीतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे बेटांच्या पोटातली, ‘हाँग’ म्हणून ओळखली जाणारी कडेबंद तळी. चुनखडीतल्या गुहेचे छत कोसळून ती तयार झाली. वर आकाश, चारही बाजूंना कडे आणि आत खारफुटी. समुद्राकडून आत जायला बोगदा असतो आणि त्यातून कयाकनेच, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीनेच, जावे लागते. को फानाक आणि को हाँग या बेटांवर अशी तळी आहेत. प्रत्येक बोगद्याची वेळ वेगळी : पूर्ण भरतीला छत पाण्याला टेकते, पूर्ण ओहोटीला तळाचा चिखल आडवा येतो. मधली वेळ साधावी आणि परतीचा हिशेब आत जाण्यापूर्वीच करावा. पाणी चढत असताना बुटक्या बोगद्यातून आत गेल्यास मागे वाट बंद होते आणि पाणी उतरेपर्यंत आत अडकून पडावे लागते. डोक्याला बांधायचा दिवा प्रत्येकाकडे हवा. छताला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून मुलांना हात वर करू देऊ नये. आत वटवाघळे असतात. आवाज कमीत कमी ठेवावा. काही गुहांमध्ये पाकोळ्यांची खाद्य घरटी काढण्याचे मक्ते दिलेले आहेत आणि तिथे पहारा असतो. अशा जागी उतरू नये.

नांगर टाकताना नवखे लोक खोलीच्या हिशेबात हमखास चुकतात. साखळीची लांबी त्या क्षणीच्या खोलीवर न ठरवता पूर्ण भरतीच्या खोलीवर ठरवावी. ओहोटीला चार मीटर पाणी, वर तीन मीटर भरती आणि पाण्यापासून यॉटच्या पुढच्या टोकापर्यंत दीड मीटर, अशी बेरीज साडेआठ मीटर होते. पाचपट धरून साडेबेचाळीस मीटर साखळी सोडावी. ओहोटीच्याच आकड्यावर साडेसत्तावीस मीटर सोडली, तर मध्यरात्री भरतीला हे प्रमाण जेमतेम सव्वातीन पट उरते आणि वारा उठताच नांगर घसरतो. वाऱ्याकडे तोंड करून थांबावे, नांगर तळाला लागू द्यावा, यॉट मागे सरकेल तशी साखळी सोडावी, मग दोन दोऱ्यांचा फास साखळीला अडकवून भार दोन्ही सांगाड्यांच्या पुढच्या टोकांवर घ्यावा. शेवटी इंजिन उलटे हळूहळू वाढवून अर्ध्या गतीपर्यंत न्यावे आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत ठेवून यॉट हलत नाही याची खात्री करावी. प्रवाह उलटला की यॉट वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला जाते, म्हणून कड्यापासून अंतर सर्व बाजूंनी मोजावे. लोंबत्या चुनखडीखाली यॉट किंवा डिंगी उभी करू नये. दगड सुटून पडतात. को फी-फी बेटांकडे तळाशी प्रवाळ आहे. तिथे नांगर न टाकता बोया, म्हणजे तळाशी दोराने बांधलेला तरंगता गोळा, वापरावा आणि पाण्याचा चष्मा लावून त्याचा दोर खालपर्यंत पाहून घ्यावा.

रात्रीचा प्रवास टाळावा. मासेमारीची जाळी आणि सापळ्यांच्या झेंड्यांच्या काठ्या अंधारात दिसत नाहीत, आणि इंजिनाच्या पंख्यात जाळे अडकले तर पाण्यात उतरून ते कापावे लागते. क्षितिजावरचा हिरवा उजेड माकुळ (स्क्विड) पकडणाऱ्या बोटींचा असतो. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचणे उत्तम.

मुलांसाठी कठड्याला जाळी बांधून घ्यावी आणि लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचे मागवावे. पट्टा नसलेले जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. डिंगी चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलीच पाहिजे. पोहणारी मुले शिडीपाशी असताना इंजिन सुरू करू नये. या पाण्यात पेटीजेली नावाचा विषारी जेलीफिश आढळतो, म्हणून अंगभर पोहण्याचा पोशाख घालावा आणि व्हिनेगरची बाटली डेकवर ठेवावी. दंश झाल्यास न चोळता भरपूर व्हिनेगर ओतावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. माकड चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. आणीबाणीसाठी यॉटवरच्या व्हीएचएफ रेडिओची वाहिनी १६, रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५.

गोड्या पाण्याची टाकी बहुधा ६०० ते ८०० लिटरची असते. सहा जणांनी माणशी २५ लिटर वापरले तर ती चार-पाच दिवसांत संपते. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासावीत, शेवटी गोड्या पाण्याने विसळावीत. पिण्यासाठी २० लिटरचे सहा-सात जार वेगळे घ्यावेत. शौचालयाच्या नळीत ओले टिश्यू किंवा डायपरचा तुकडा गेला की ती तुंबते. यॉटवर सर्वाधिक होणारा हा बिघाड पहिल्याच दिवशी मुलांना समजावून टाळता येतो. बॅटरी मुख्यतः फ्रिज खातो, म्हणून नांगरावर असताना रोज तास-दीड तास इंजिन चालवावे. वातानुकूलन जनरेटरशिवाय चालत नाही. शाकाहारी कुटुंबांना किनाऱ्यावरच्या जेवणात फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट सर्वत्र भेटेल. पोहे, डाळ-तांदूळ आणि तीन लिटरचा कुकर जवळ असला की प्रश्न मिटतो. गॅसची कळ मात्र प्रत्येक वेळी बंद करावी, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने सांगाड्याच्या तळाशी साचतो.

नेहमीचा मार्ग फुकेतच्या आओ पो इथून को फानाक, को हाँग, मग को याओ नोई, रायले आणि फी-फी असा असतो. खांबांवर वसलेले को पान्यी हे मुस्लिम कोळ्यांचे गाव आहे. तिथे अंग झाकणारे कपडे घालावेत आणि मद्य नेऊ नये. पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ नष्ट झाल्यामुळे फी-फी ले या बेटावरची माया खाडी जून २०१८ मध्ये बंद करण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता खाडीत बोटी नेता येत नाहीत. मागच्या बाजूने उतरून चालत जावे लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती बंदच असते. हे निर्बंध योग्यच आहेत. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्सेटसह चार रसायनांपैकी कोणतेही असलेल्या सनस्क्रीनवर राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे. मुलांच्या बाटलीवरची घटकांची यादी घरूनच वाचून निघावे.

दोन आठवडे हाताशी असतील तर को मूक बेटावरची पाचूगुहा आणि तारुताओ उद्यान करत मलेशियातल्या लंकावीपर्यंत, सुमारे १३० सागरी मैल, जाता येते. त्यासाठी थायलंड सोडतानाची इमिग्रेशन, कस्टम्स आणि बंदर खात्याची कागदपत्रे फुकेतच्या आओ चालोंग इथेच पूर्ण करावीत आणि लंकावीत उतरताच घड्याळ एक तास पुढे करावे, नाहीतर तिथले भरतीचे कोष्टक तासाभराने चुकते.