अमेरिकी लागर

लागर म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेली बिअर. अमेरिकी लागर फिकट सोनेरी, नितळ, भरपूर फसफसणारी आणि अगदी कमी कडू. अमेरिकेत नुसते ‘बिअर’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच येते. अल्कोहोल साधारण ४.२ ते ५.३ टक्के. बडवायझर, मिलर, कूर्स आणि पॅब्स्ट हे तिचे जुने ब्रँड. १८४० नंतर जर्मनीतून आलेल्या लोकांनी मिलवॉकी, सेंट लुइस, सिनसिनाटी या शहरांत कारखाने काढले, त्यांतून ही घडली. मिलरची सुरुवात १८५५ची, कूर्सची १८७३ची. बडवायझर १८७६मध्ये बाजारात आली.

या बिअरमध्ये तांदूळ किंवा मका घालतात तो निव्वळ पैसे वाचवण्यासाठी, असा समज पक्का बसला आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेत तेव्हा मिळणाऱ्या जवाच्या कणसात दाण्यांच्या सहा रांगा असत. या जवात प्रथिने जास्त. नुसत्या त्याच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिअर केली तर ती गार केल्यावर गढूळ होई, कारण थंडीत प्रथिने आणि टॅनिन (तुरट द्रव्ये) एकमेकांना धरून तरंगू लागतात. पण याच जवात स्टार्चची साखर करणारे एन्झाइमही भरपूर असत, इतके की दुसऱ्या धान्याचा स्टार्चही त्यांच्याने फुटे. म्हणून एकूण धान्याच्या २० ते ४० टक्के तांदूळ किंवा मका घालून प्रथिने पातळ करण्याची रीत पडली. आता दोन रांगांचा जवही सर्रास वापरतात, पण लोकांच्या जिभेवर बसलेली हलकी चव तशीच राहिली.

बडवायझरमध्ये तांदूळ असतो. या कामाला अख्खा तांदूळ लागत नाही, कणी चालते. तांदळाचा स्टार्च जवाच्या स्टार्चपेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, म्हणून कणी वेगळ्या भांड्यात उकळावी लागते. तीत थोडे माल्ट आधीच मिसळतात. नाहीतर पेज खळीसारखी घट्ट होऊन ढवळणी अडते आणि तळाला करपते. ही उकळती पेज ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या मुख्य मॅशमध्ये (माल्ट आणि पाण्याच्या मिश्रणात) सोडली की सगळे मिश्रण ६७-६८ अंशांवर येते आणि साखर होऊ लागते. पुढे गाळणे, हॉप्स (कडवटपणा आणि सुवास देणारी फुले) घालून उकळणे, ८ ते १३ अंशांवर आंबवणे आणि शून्याजवळच्या थंडीत मुरवणे. बडवायझरच्या टाक्यांत बीच लाकडाच्या पट्ट्या टाकतात. त्या आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घेतलेल्या असल्यामुळे लाकडाची चव उतरत नाही. यीस्टला बसायला जास्त जागा मिळावी, एवढाच त्यांचा उपयोग.

अशी बिअर करणे सोपे वाटते, पण चूक झाकायला हिच्यात काहीच नसते. उकळी कमी पडली तर उकडलेल्या मक्याचा वास येतो. तो मक्यातून येत नाही. माल्टमधल्या गंधकाच्या संयुगातून येतो आणि जोरदार उकळीने उडून जातो. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर यीस्टचे काम अर्धवट राहिले असे समजावे. मिलवॉकीच्या श्लिट्झ कंपनीने १९७०च्या दशकात खर्च आणि वेळ कमी करण्यासाठी कृती बदलली. गढूळपणा रोखायला घातलेले नवे द्रव्य फेस टिकवणाऱ्या द्रव्याशी जुळले नाही आणि बाटलीत पांढरे कण दिसू लागले. १९७६मध्ये सुमारे १ कोटी बाटल्या व कॅन परत घ्यावे लागले. एकेकाळी देशात पहिला असलेला हा ब्रँड त्यातून सावरला नाही.

दारूबंदी १९२० ते १९३३ चालली. ती उठल्यावर १९३५मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड शहरात पहिल्यांदा कॅनमधली बिअर विकली गेली आणि पिणे बारमधून घराकडे वळले.

पुढची मोठी पसंती ‘लाइट’ बिअरची. मिलर लाइट १९७५मध्ये देशभर आली, बड लाइट १९८२मध्ये. साध्या बिअरमध्ये यीस्टला न पचणारी काही कर्बोदके उरतात. लाइट बिअर करताना जास्तीचे एन्झाइम वापरून तीही फोडतात. बडवायझरच्या ३५५ मिलिलिटर कॅनमध्ये सुमारे १४५ कॅलरी असतात, मिलर लाइटच्या कॅनमध्ये ९६. मिलर लाइटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे कॅनमागे जवळजवळ १२ ग्रॅम, आणि त्याच्याच ८२ कॅलरी होतात. म्हणजे लाइटमध्ये घटतात ती मुख्यतः कर्बोदके, अल्कोहोल थोडेच घटते. ‘लाइट’ म्हणजे कमी चढणारी, असे समजून दोन कॅन जास्त घेणाऱ्याची फसगत होते.

२००१मध्ये बड लाइट बडवायझरला मागे टाकून खपात पहिली झाली. २०२३मध्ये दुकानांतील विक्रीच्या रकमेत मेक्सिकोची मोडेलो एस्पेशियल तिच्या पुढे गेली. दुसऱ्या बाजूला छोट्या कारखान्यांची, कडक हॉप्सची बिअर वाढली. तिचा पाया १९७२मध्ये आलेल्या कॅस्केड जातीच्या हॉप्सने आणि घरी बिअर करण्याला १९७८च्या कायद्याने मिळालेल्या मुभेने घातला. सिएरा नेव्हाडा (१९८०) आणि सॅम्युएल अ‍ॅडम्स (१९८४) ही त्यातली ठळक नावे. १९७०च्या दशकाअखेर देशात शंभरही कारखाने नव्हते, आता नऊ हजारांहून अधिक आहेत.

गॅलप या जनमत संस्थेच्या पाहणीत १९९२मध्ये पिणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांची पहिली पसंती बिअरला होती. २००५मध्ये वाइन थोडी पुढे गेली. २०२५मध्ये बिअर ३८, व्हिस्की-व्होडका-टकिलासारखी मद्ये ३० आणि वाइन २९ टक्के, असे प्रमाण होते. त्याच वर्षी ‘मी पितो’ म्हणणारे प्रौढ ५४ टक्क्यांवर आले. १९३९पासून चालत आलेल्या या पाहणीतला हा नीचांक आहे.

बारमध्ये नळातून देण्याची पिंपातली बिअर ३ अंशांच्या आसपास ठेवतात. नळी वाटेत तापली की नळातून नुसता फेस येतो, आणि दाब कमी करून तो थांबत नाही. नळी गार करावी लागते. नळ्या दर चौदा दिवसांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुवाव्यात, नाहीतर आंबूस किंवा लोण्यासारखी चव उतरते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत ऊन लागले की हॉप्समधून उग्र दर्प सुटतो. तपकिरी बाटली बरीच राखण करते, कॅन पूर्ण. आणि ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो ग्लास नीट धुतलेला नाही.