एजंटच्या फाइलीचा मालक कोण?

डेटाबेस कोणत्या होममध्ये (म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर असलेल्या डिरेक्टरीत) आहे, कोणत्या पोर्टवर ऐकतो, कोणत्या खात्याने आत शिरायचे, हे मॉनिटरिंग एजंटला, म्हणजे सर्व्हरवर बसून डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, कोणीतरी सांगून ठेवावे लागते. पुढे यातले काही बदलले तर त्याला पत्ताही नसतो. अपग्रेडनंतर होमचा रस्ता बदलतो, ऑडिट आले की पासवर्ड बदलतात, आणि एजंट जुनेच धरून बसतो. चार सर्व्हर असतील तर हाताने निभते. दोनशे झाले की डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) स्क्रिप्ट लिहायला बसतो.

एसएनएमपी हा नेटवर्कवरच्या यंत्रांवर नजर ठेवण्याचा प्रोटोकॉल; त्याचा पहिला आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) 1988 चा. ओरॅकलने 1990 च्या दशकात आणलेल्या ‘इंटेलिजंट एजंट’च्या खात्याने त्याचेच नाव घेतले, म्हणून मॉनिटरिंगच्या खात्याला आजही ‘डीबीएसएनएमपी’ म्हणतात. हा एजंट सुरू होताना ओराटॅब (सर्व्हरवरच्या डेटाबेसांची यादी) आणि लिसनरची (बाहेरून येणारी कनेक्शने घेणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल वाचून डेटाबेस स्वतःच हुडकायचा. पण या खात्याचा मूळ पासवर्ड बदलला, की नवा पासवर्ड एजंटच्या फाइलीत साध्या अक्षरांत लिहून ठेवावा लागे. (मूळ पासवर्डही ‘डीबीएसएनएमपी’च! तो न बदलण्याचा मोह कितीजणांना आवरला असेल, देव जाणे.)

2003 मध्ये जाहीर झालेल्या ओरॅकलच्या 10जी आवृत्तीबरोबर चित्र पालटले. नवा एजंट माहिती एचटीटीपीवरून मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवू लागला आणि ‘टार्गेट्स डॉट एक्सएमएल’ ही फाइल त्याची वही झाली; कोणत्या डेटाबेसांवर (म्हणजे टार्गेटांवर) नजर ठेवायची ते तीत असे. स्क्रिप्टांचा खरा सुकाळ इथून. पासवर्ड त्या फाइलीत एन्क्रिप्ट केलेला असे. पण तो साधा लिहून शेजारचे ‘एन्क्रिप्टेड’ हे ‘ट्रू’वरून ‘फॉल्स’ केले आणि एजंट पुन्हा सुरू केला, की तो स्वतःच एन्क्रिप्ट करून टाकी. मग काय, फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’च्या दोन ओळी, एजंट चालूबंद करणाऱ्या ‘ईएमसीटीएल’ची एक, बाहेर सर्व्हरांच्या यादीवर लूप. असल्या स्क्रिप्टा एकाच्या होम डिरेक्टरीतून दुसऱ्याच्या होम डिरेक्टरीत फिरत राहिल्या, आणि त्यांत पासवर्डही उघडे फिरले.

2007 च्या 11जीने निकड वाढवली. डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये (खात्यांना आपोआप लागणाऱ्या नियमांत) पासवर्डचे आयुष्य 180 दिवस ठरले. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा 10. एजंट थकत नाही, लाजतही नाही. जुना पासवर्ड घेऊन तो दार ठोठावत राहतो आणि त्या प्रोफाइलखालचे खाते थोड्याच वेळात लॉक होते. पासवर्ड बदलणे आणि एजंटला कळवणे ही दोन कामे त्यामुळे एकाच स्क्रिप्टमध्ये आली.

एक धडा मात्र ओरॅकलबाहेरून आला. फाइलीच्या शेवटी ओळ जोडणारी स्क्रिप्ट दोनदा चालली की ओळही दोनदा पडते. ‘काय कर’ऐवजी ‘शेवटी काय असायला हवे’ हे लिहावे, ही कल्पना मार्क बर्जेस यांच्या 1993 च्या सीएफइंजिन या सर्व्हरांची मांडणी सांभाळणाऱ्या साधनातून रुजली. 2005 मध्ये पपेट आणि 2012 मध्ये अॅन्सिबल ही तशीच साधने तिच्याच वाटेने गेली. झॅबिक्स किंवा नागिओस या मॉनिटरिंग प्रणालींच्या एजंटची फाइल आता अनेक ठिकाणी टेम्प्लेटमधून (तयार साच्यातून) बनते; तिथे सर्व्हरवर जाऊन कोणी ती उघडत नाही.

ओरॅकलने 2011 च्या 12सी क्लाउड कंट्रोल या मॉनिटरिंग प्रणालीपासून टार्गेटची माहिती मध्यवर्ती रिपॉझिटरीतून (साठ्यातून), ईएम सीएलआय या कमांड-ओळीच्या साधनाने बदलण्यावर भर दिला. 2013 मध्ये त्यात स्क्रिप्ट लिहायला जायथॉन (जावावर चालणारे पायथॉन) आले. फाइलीची मालकी अशी केंद्राकडे गेली. प्रोमिथियस या मॉनिटरिंग प्रणालीने (सुरुवात 2012, साउंडक्लाउड कंपनीत) वेगळी विभागणी केली: कोणाला विचारायचे ती यादी केंद्राकडे, डेटाबेसचा पासवर्ड मात्र डेटाबेसमधून आकडे काढून देणाऱ्या एक्स्पोर्टर या छोट्या प्रोग्रॅमपाशीच. म्हणजे तो बदलायला स्क्रिप्टला अजूनही सर्व्हरवर जावेच लागते.

मधल्या काही सेकंदांचा प्रश्न तसाच आहे. एका वेळी एकच पासवर्ड चालत असेल, तर तो आधी डेटाबेसात बदला वा आधी एजंटमध्ये, दोन्हींमध्ये थोडी फट राहतेच. म्हणून जाणता डीबीए स्क्रिप्टची पहिली ओळ ब्लॅकआउटची (मॉनिटरिंग तात्पुरते थांबवण्याची) लिहितो, पासवर्डची नंतर.