शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल असतं का? नसतं!

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की घरात पहिली गदा येते ती दाण्याच्या कुटावर. खिचडीतून कूट हद्दपार, कोशिंबीर कोरडी, भरल्या वांग्यात नुसता मसाला. ‘दाण्यात कोलेस्टेरॉल असतं’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण ते साफ चूक आहे.

कोलेस्टेरॉल मिळतं ते प्राणिज पदार्थांतून: अंडी, मांस, दूध, तूप. वनस्पतीजन्य पदार्थांत ते जवळपास नसतंच. शिवाय रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि त्यातलं वाईट, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात मोठा हात असतो संपृक्त चरबीचा, म्हणजे तूप-लोण्यासारख्या गोठणाऱ्या चरबीचा. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४९ ग्रॅम चरबी असते हे खरं, पण त्यातली संपृक्त जेमतेम ७ ग्रॅम. बाकीची असंपृक्त, ती हृदयाला पोषकच. वर २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं! डाळ-उसळ कमी पडणाऱ्या घरात हा केवढा आधार आहे, आणि तोच आपण भीतीपोटी काढून टाकतो.

मात्र १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी आहेत, त्यामुळे दिवसाला मूठभर पुरे. तळलेले खारे दाणे टाळा. घरी मंद आचेवर भाजा. बुरशी आलेला, काळपट, कडवट दाणा मात्र निवडून फेकाच, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं, यकृताला घातक विष असू शकतं. आणि ज्यांना दाण्याची अॅलर्जी आहे त्यांनी त्याच्या वाटेलाही जाऊ नये.