वैद्यकीय सिम्युलेशन

खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी डॉक्टर, नर्स, दाई, पॅरामेडिक यांनी डमीवर, कॉम्प्युटरवर किंवा पेशंटची भूमिका करणाऱ्या माणसावर सराव करायचा, चुका तिथेच करायच्या आणि मग शिकवणाऱ्यासोबत बसून त्या चुकांवर बोलायचं, या सगळ्याला मिळून वैद्यकीय सिम्युलेशन म्हणतात. मराठीत सदृशीकरण असा शब्द आहे, पण स्किल लॅबमध्ये तो फारसा ऐकू येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी २००४ मध्ये केलेली मांडणी आज सगळ्यात जास्त वापरली जाते : सिम्युलेशन ही शिकवायची रीत आहे, ते यंत्राचं नाव नाही. ही नोंदही तेच धरून चालते, कारण फक्त यंत्र मोजायला बसलं की निम्मा इतिहास बाहेर राहतो.

उगमाचा वाद : सुरुवात कुठून धरायची यावर अभ्यासकांचं जमत नाही. बरेच जण विमानापासून सुरू करतात, म्हणजे १९२९ मध्ये एडविन लिंक यांनी पायलटसाठी बनवलेला ट्रेनर, तिथून उडी थेट १९६० मध्ये नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांच्या रेससी अॅन या, श्वास देण्याचा आणि छाती दाबण्याचा सराव करायच्या बाहुलीवर. पण याच्या कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा, म्हणजे पहिल्या भागाचा, एक अख्खा अध्याय सरावावर आहे. ग्रंथाचा काळ वादाचाच, कोणी तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापर्यंत मागे नेतं तर कोणी आजचं रूप ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतलं मानतं, आणि एकाहून जास्त हातांनी ते घडलं हे मत जास्त पटणारं आहे. पण तारीख काहीही धरा, मजकूर मात्र नेमका आहे. छेद घ्यायचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर, भेदनाचा (टोचून फोडायचा) पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर, शीर टोचायचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, टाके घालायचा जाड विणीच्या कापडावर आणि मऊ कातड्यावर, आणि पट्टी बांधायचा 'पुस्तमय पुरुषा'वर, म्हणजे चक्क बनवलेल्या पुतळ्याच्या अवयवांवर. या सरावाला तिथे योग्या म्हणलंय, आणि ज्याने योग्या केली नाही तो कितीही शिकलेला असला तरी कामाला अयोग्य असं स्पष्ट सांगितलंय. प्रत्येक कौशल्याला वेगळं साहित्य, आजच्या लॅबमधली स्टेशनं, म्हणजे एकेका कौशल्याची टेबलं, याच हिशोबाने लावतात.

चीनमध्ये १०२७ च्या सुमारास वांग वेईयी यांच्या देखरेखीखाली अॅक्युपंक्चरचे ब्राँझचे पुतळे ओतले गेले, बाहेरून मेण आणि आत द्रव, सुई बरोबर बिंदूवर गेली की द्रव बाहेर यायचा (पारा की पाणी यावर वर्णनं जुळत नाहीत). फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीला १७५९ मध्ये पंधराव्या लुईने देशभर फिरून शिकवायचा आदेश दिला, तिने कापड, कातडं आणि भुसा-कापूस वगैरे भरून बाळंतिणीचं धड बनवलं होतं, त्यातून बाहुलीचं बाळ अडलेल्या अवस्थेत सुद्धा काढता यायचं. तिच्या हाताखाली सुमारे ५,००० बायका शिकल्या असा अंदाज दिला जातो आणि तिच्या या धडांपैकी (तिचा शब्द 'यंत्र') एक रूआँच्या संग्रहालयात शाबूत आहे. सलग परंपरा शोधायची तर ती इथूनच धरावी असं आम्हाला वाटतं, लिंकच्या ट्रेनरपासून नाही.

डिजिटल टप्पा : इथेही 'पहिलं कोण' हा घोळ आहेच. रेससी अॅनमध्ये सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक काहीच नव्हतं, छातीत स्प्रिंग होती. म्हणून मान साधारणपणे सिम वनला देतात, १९६० च्या दशकात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीफन अॅब्राहमसन आणि जडसन डेन्सन यांनी भूल देण्याच्या ट्रेनिंगसाठी बनवलेला कॉम्प्युटरवर चालणारा पुतळा, छाती हलायची, पापण्या मिटायच्या, औषध दिलं की नाडी बदलायची. एकच बनला, खर्चामुळे पुढे गेला नाही. पण इलिनॉय विद्यापीठात १९६३ च्या सुमारास मेरीअॅन बिट्झर यांनी प्लेटो या कॉम्प्युटर सिस्टीमवर नर्सिंगचा धडा बसवला होता, स्क्रीनवर हृदयविकाराचा पेशंट आणि काय विचारायचं, काय करायचं हे विद्यार्थिनीने ठरवायचं. हा धडा बऱ्याच इतिहासांत येतच नाही. नर्सिंगचं काम म्हणून तो मागे पडला असावा, आणि हे चुकीचं आहे. त्याच १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी अभिनय करणारा पेशंट आणला, १९६८ मध्ये मायामीत मायकेल गॉर्डन यांचा हार्वी हा हृदयाचे आवाज ऐकवणारा पुतळा आला आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांची स्टेशनवार परीक्षा, जिला सगळे ओस्की म्हणतात.

पुढचा मोठा टप्पा दुर्बिणीच्या ऑपरेशनचा. यात अवजार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकून फिरतं, त्यामुळे हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, वर नेला की खाली, आणि खोली दाखवणारे डोळे पण नाहीत, सपाट स्क्रीन आहे. ही सवय पेशंटच्या पोटात लावून घेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगात १६ रेसिडेंटपैकी (शिकाऊ सर्जन) निम्म्यांनी आधी व्हर्च्युअल रिअॅलिटीवर सराव केला, आणि खऱ्या ऑपरेशनमध्ये पित्ताशय सोडवताना ते २९ टक्के जलद होते, चुका साधारण सहापट कमी. संख्या छोटी आहे, पण लॅबमधलं कौशल्य थिएटरमध्ये उतरतं हे दाखवणारा हा सुरुवातीचा भक्कम पुरावा.

पुरावा : २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात ६०९ अभ्यास एकत्र केले होते. काहीच ट्रेनिंग नसण्यापेक्षा सिम्युलेशनचा ज्ञान आणि कौशल्यावर मोठा परिणाम दिसला, पेशंटच्या तब्येतीवर मध्यम. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासात वॉर्डातले ५० टक्क्यांपर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी शेवटी फरक पडला नाही, पण तिथले शिकवणारे खास तयार केलेले होते, ही अट आकडा सांगताना सोडता कामा नये.

पुतळा जितका हुबेहूब तितकं शिक्षण चांगलं, हा समज आता मागे पडतोय. छाती दाबायच्या डमीचं बघा. खोली ५ ते ६ सेंमी, वेग मिनिटाला १०० ते १२०, हे सेन्सर मोबाईलवर दाखवतो, चेहरा कसाही असला तरी चालतं. नवीन माणूस दाबतो चांगलं, पण दमला की तळहात छातीवर टेकवूनच ठेवतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त भरत नाही. शेजारी उभ्या माणसाला हे पटकन कळत नाही, ग्राफवर मात्र रेघ परत शून्यावर येत नाही हे लगेच दिसतं.

खरं शिकणं बऱ्याचदा डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे सरावानंतर बसून केलेल्या बोलण्यात होतं. प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा असला तर बोलणं त्याहून लांबतं, 'अॅड्रेनॅलिन द्या' असं हवेत म्हणलं गेलं आणि कुणीच घेतलं नाही, कारण नाव घेऊन कुणाला सांगितलंच नव्हतं, असं काहीतरी व्हिडिओ थांबवून दाखवलं की टीमला ते कायमचं लक्षात राहतं.

मर्यादा : पोट चाचपताना हाताला लागणारा कडकपणा हॅप्टिक (हाताला स्पर्शाचा भास देणाऱ्या) यंत्रांना अजून नीट जमत नाही. त्वचेचंही तेच, ऑक्सिजन कमी झाला की पुतळ्याच्या ओठांभोवती निळा दिवा लागतो, सावळ्या किंवा काळ्या माणसात तो निळेपणा असा दिसत नाही, जीभ आणि हिरड्या बघाव्या लागतात.