खुलासा : फुटपाथसाठी नगरसेवकाचं पत्र लागत नाही

पुण्यात वर्षानुवर्षं ऐकतोय, ‘नगरसेवकाची ओळख नसेल तर फुटपाथ दुरुस्त होत नाही.’ चूक. महापालिकेने 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं अर्जावर सुचवून घ्यायला सुरुवात केली. सोसायटीसमोरचा उखडलेला पेव्हर ब्लॉक, पुसलेले झेब्रा पट्टे, थांब्याजवळचा बंद दिवा, असली छोटी कामं त्या अर्जात बसतात. उड्डाणपूल मागू नका! ‘रस्ता सुधारा’ एवढंच लिहिलेला अर्ज मात्र बहुधा वाया जातो. नेमकी जागा लिहा, कुठल्या दुकानासमोर, कुठल्या चौकाच्या कुठल्या कोपऱ्यावर. आणि हो, ही सूचना असते, हुकूम नव्हे. अर्ज दिला म्हणजे काम मंजूर झालं, हा दुसरा गैरसमज.